जुनी ओल

शलाका मयेकर रिक्षातून उतरली तेव्हा तिचा थोरला भाऊ दत्ताराम स्वतःच्याच घराची भिंत फोडत होता.

गणपतीला आठ दिवस उरले होते. एरवी या दिवसांत आंबेकोंडात घरोघरी रंगाचे डबे उघडलेले असायचे. यंदा जुलैच्या पुरानं गावाची रया घालवली होती. खाडीचं पाणी दोन दिवस घरांतून हललं नाही, आणि ओसरताना जोत्यांखालची माती घेऊन गेलं. कोपरे बसले, भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. दत्तारामच्या घराचा पूर्वेचा कोपरा असाच खचला होता. पण तो फोडत होता ती भिंत पश्चिमेची, धडधाकट.

"दादा, अरे ही कशाला फोडतोस?"

दत्तारामनं छिन्नी खाली ठेवली नाही. "बघतोय गो, कुठं चुकलो ते."

पायाशी जांभ्याचे चार चिरे सुटे पडले होते. त्यातला एक त्यानं उचलला, हातोड्यानं दोन तुकडे केले, आतला भाग नाकाशी धरून हुंगला, नखानं खरवडला. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, पण त्या चिऱ्याकडे तो पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत होता. वाडीतली एकोणतीस घरं त्याच्या हातची. ओळंबा न लावता तो नुसत्या नजरेनं भिंत सरळ उभी करतो, असं लोक सांगायचे. हल्ली कोणी सांगत नव्हतं.

वहिनीनं फोन पुढे केला. विमा कंपनीचा निरोप तिनं आतापर्यंत इतक्यांदा ऐकला होता की शेवटचं वाक्य ती त्या गोड आवाजाबरोबरच पुटपुटली. "आपल्या भिंतींच्या नोंदींमध्ये पुरापूर्वीची जुनी ओल आढळली आहे. मूळ बांधकामातील दोषामुळे झालेली हानी विम्यात येत नाही. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"एकोणतीसच्या एकोणतीस घरांना हाच निरोप," वहिनी म्हणाली. "आनी शेवटी सगळे हेंच्याकडे बघतात."

शलाका म्हणाली, "दादा, भिंतीतले मणीसुद्धा चुकू शकतात."

"मणी कसे चुकतील?" दत्ताराम तिच्याकडे बघून साधेपणानं म्हणाला. "तू केलेस ना ते."

ते मणी खरोखरच तिनं केले होते. एकटीनं नव्हे, पण त्यांच्यावर सही तिची होती.

मोहरीच्या दाण्याएवढे, भाजलेल्या मातीचे. गिलावा कालवताना मूठभर टाकायचे की भिंतीत कायमचे मुरायचे. प्रत्येक मण्याच्या पोटात एक पातळ थर होता. भोवतीची ओल वाढली की त्या थराची वीज धरून ठेवण्याची ताकद बदलायची. बॅटरी नव्हती. दिवसा भिंत तापते आणि रात्री निवते, तेवढ्या फरकावर मणी जगायचा आणि रोज एक नोंद लिहायचा. बारा वर्षांच्या नोंदी त्याच्या पोटात मावत. पुढे भिंतीला हातातलं यंत्र टेकवलं की सगळे मणी मिनिटाभरात आपापली हकीकत सांगून मोकळे.

घराचा विमा सक्तीचा झाला तेव्हा, शलाका नोकरीला होती त्या छत्रछाया विमा कंपनीनं मण्यांच्या घरांना हप्त्यात सूट दिली. सर्व्हेअर यायचा बंद झाला. त्याच्या हातापाया पडणं, त्याला चहा पाजणं, त्याची वाट बघणं संपलं. दावा टाकायचा, पंचायतीतलं यंत्र भिंतीला टेकवायचं, की अकरा मिनिटांत निकाल. लोकांना बरं वाटलं. शलाकालाही वाटलं. वडील गेल्यावर सतराव्या वर्षी हातात थापी घेऊन ज्या भावानं तिला पुण्यात इंजिनिअर केलं, त्याच्या गावात तिनं हौसेनं स्वतः येऊन मणी वाटले होते. दत्ताराम घरोघरी सांगत फिरला होता, "आमच्या शलूचे हायत. घाला बिनधास्त."

निकालाचा नियम साधा होता. आपत्तीच्या आधी भिंतीतली ओल सलग पंचेचाळीस दिवस ठरावीक मर्यादेवर असेल, तर ती भिंत आधीच दुबळी झालेली धरायची. विटांच्या बाबतीत हे खरं होतं. वीट फार दिवस ओली राहिली की आतले क्षार विरघळतात, सांधे भुसभुशीत होतात. पण जांभा वेगळा. तो छिद्राछिद्रांचा दगड. चार महिने पाऊस पितो, दिवाळीपर्यंत सगळा सोडून देतो, आणि त्याचं काही बिघडत नाही. खाणीतून काढल्यावर वारा लागेल तसा तो उलट घट्टच होतो. त्याची खरी मर्यादा शोधायची तर चिरे एक अख्खा पावसाळा उघड्यावर ठेवून तपासायला हवे होते.

मर्यादांचा तक्ता करायच्या वर्षी प्रयोगशाळेत तीनच चिरे होते आणि महिना मार्च होता. एप्रिलमध्ये योजना सुरू व्हायची होती. शलाकानं जांभ्याच्या रकान्यात विटेचाच आकडा लिहिला आणि समासात पेनानं टीप केली: "जांभा – एक पावसाळा उघड्यावर तपासणे बाकी. श. म."

ती तपासणी झालीच नाही. हे विसरून झालं असतं तर शलाकाला निदान झोप लागली असती. दुसऱ्याच वर्षी कोकणातले नाकारलेले दावे एकाएकी वाढल्याचा अहवाल तिच्या टेबलावर आला होता. ती टीप तिला त्याच क्षणी आठवली होती. पण तेव्हा बढतीची चर्चा चालली होती. तिनं पान उलटलं होतं.

त्या दुपारी दत्ताराम जेवायला बसला तेव्हा तिनं पिशवीतलं यंत्र काढून गुपचूप भिंतीला टेकवलं. सहा वर्षांची रेषा पडद्यावर उमटली. दर जुलैत वर, दर नोव्हेंबरात खाली. चिऱ्याचा दरसालचा नेम. भिंतीत काही दोष नव्हता. दोष तिच्या रकान्यात होता.

ती दुसऱ्याच दिवशी पुण्याला परतली आणि तिचे वरिष्ठ केळवकर यांच्यासमोर जाऊन बसली.

केळवकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. "आकडा चुकलाय हे मला मान्य आहे, शलाका. पुढच्या वर्षी हळूच बदलू. पण आज बदलला तर मागचे चार हजार निकाल उघडे पडतात. कंपनी बुडेल. मग ज्यांचे दावे खरे म्हणून मंजूर झालेत त्यांना कोण देणार?"

"आणि तोपर्यंत ही माणसं?"

केळवकरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुझ्या भावाचं घर आहे ना त्यात? नंबर दे. विशेष बाब म्हणून बघतो."

शलाकानं उठून जायला हवं होतं. आधी दादाचं घर तर उभं राहू दे, मग आत राहूनच बाकीच्यांसाठी भांडू, असं तिनं स्वतःला समजावलं. दावा क्रमांक तिला तोंडपाठ होता. तिनं तो सांगितला.

गणपतीच्या आदल्या दिवशी मंजुरी आली. शलाका गावी पोचली तेव्हा दत्ताराम पडवीत मखर बांधत होता. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग होता. "शलू, माझं काम बरोबर होतं गो! परत तपासलं त्यांनी."

ती हसली. काहीतरी बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवशी आरती संपून लोक पांगले आणि फाटकापाशी परकारांच्या जुबेदाभाभी येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या विधवा बाई. पुरात घराची मधली भिंतच आडवी झाल्यापासून त्या मोहल्ल्यात भाचीकडे एका खोलीत राहत होत्या. दर वर्षी त्या प्रसादाला आत यायच्या.

"आत येत नाय, दत्ताराम. एवढंच सांग, माझ्या घराला चिरा कुठला लावलास?"

"भाभी, त्याच खाणीतला. हाच."

"मग तुझं घर मंजूर नि माझं नामंजूर, ते कसं काय रे?" त्यांचा आवाज चढला नाही, हेच ऐकवत नव्हतं. "ह्यांनी पंधरा वरसं मस्कतच्या उन्हात काढली त्या घरासाठी. देखरेखीला कोण ठेवायचा विचारलं तर म्हनाले, दत्ताराम हाय ना. स्वतःला चांगला माल नि आम्हाला उरलासुरला, असं होतं तर तेव्हाच सांगायचं होतंस."

त्या निघून गेल्या. दत्ताराम हातातलं मोदकांचं ताट धरून तसाच उभा. कितीतरी वेळानं तो वळला.

"माझंच घर कसं चांगलं निघालं, शलू? बाकीची पन मीच बांधली."

"पुन्हा तपासणी झाली असेल, दादा. मला नक्की माहीत नाही."

आयुष्यात ती भावाशी पहिल्यांदा खोटं बोलली असं नव्हे. पण त्यानं विश्वास ठेवला, आणि मान हलवून आत गेला. तिनं त्याचं घर वाचवलं नव्हतं. आजवर तो गावाच्या लेखी चुकलेला गवंडी होता, आता तिनं त्याला चोर केलं होतं.

सकाळी ती मोहल्ल्यात गेली. जुबेदाभाभी तांदूळ निवडत होत्या. शलाकानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आकडा, टीप, उलटलेलं पान, विशेष बाब. मध्ये थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

भाभींची बोटं तांदळात थांबली होती. "म्हंजे माझ्या घरात काय दोष नव्हता."

"नव्हता."

"नि दत्तारामच्या हातात पन नव्हता." त्यांनी तांदूळ बाजूला सारले. मग त्यांनी विचारलं, "भावाला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडं कशाला आलीस?"

"भाभी, मी साक्ष देणार आहे. पण दादाच्या नावानं उभी राहिले तर बहीण भावासाठी बोलतेय म्हणून उडवून लावतील. तक्रार दुसऱ्या कोणाची तरी हवी. तुमची."

"अस्सं. म्हंजे इथं पन गरज तुझीच." भाभी उठल्या, कपाटातून प्लास्टिकची जाड पिशवी काढली. "मी काय तुझी वाट बघत बसले नव्हते. विम्याच्या लोकपालाकडे अर्ज कधीच टाकलाय. जानेवारीत तारीख हाय. ये तू. पन एक सांगते, त्या दिवशी दत्ताराम तिथं बसलेला असंल. मी आननार त्याला. त्याआधी त्याला सांगायचं की नाय ते तू बघ."

शलाकाला चार महिने मिळाले. त्या चार महिन्यांत तिनं भावाला कितीदा फोन केला याला गणती नाही. दर वेळी ती वहिनीची तब्येत विचारायची, भाताचं विचारायची, आणि फोन ठेवायची. दत्तारामनं मंजूर झालेले पैसे घेतले नव्हते. "सगळ्यांचं होईल तेव्हा माझं," एवढंच म्हणायचा. चिऱ्याचं एकही काम त्याच्याकडे आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यानं घेतलं नसतं.

सुनावणी रत्नागिरीला एका सरकारी सभागृहात झाली. लोकपाल म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, बारीक आवाजाच्या, मोजकं बोलणाऱ्या. शेवटच्या रांगेत दत्ताराम बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत चिऱ्याचा तुकडा होता. बांधकामाचा जाब आपल्याला द्यायचाय अशी त्याची समजूत होती.

शलाकानं त्या टिपेच्या पानाची प्रत पुढे ठेवली. जांभ्याचा आकडा कुठून आला ते सांगितलं. कंपनीचे वकील उठले.

"मॅडम, आपल्या सख्ख्या भावाचा दावा सप्टेंबरात मंजूर झाला. कोणी करवून घेतला?"

"मी."

"म्हणजे पदाचा गैरवापर केलात."

"हो."

सभागृहात कुजबुज झाली. वकिलांना एवढ्या सरळ उत्तराची अपेक्षा नसावी. ते कागद चाळू लागले. तेवढ्यात लोकपाल बाईंनीच विचारलं, "हा आकडा चुकीचा असावा, अशी शंका तुम्हाला पहिल्यांदा कधी आली?"

शलाकाला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. पुण्यातल्या तिच्या वकील मैत्रिणीनं बजावलं होतं: यंदाच्या पुरानंतर, एवढंच म्हण. त्या अहवालावर तुझी सही नाही, कोणी सिद्ध करू शकत नाही. चूक म्हणून सुटशील. आधीपासून माहीत होतं म्हणालीस तर खटला होईल.

तिनं मान वळवून मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिनं सोपं उत्तर दिलं असतं.

"चार वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "कोकणातले दावे नाकारले जायला लागले तेव्हाच. मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प राहिले."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग दार उघडल्याचा.

निकाल महिन्याभरानं लागला. जांभ्याच्या घरांसाठी तो आकडा रद्द. आंबेकोंडाच्या सर्व घरांची पाहणी माणसानं समक्ष येऊन करावी. बाकीच्या चार हजारांबाबत कंपनी वरच्या कोर्टात गेली, आणि ते प्रकरण अजून तिथंच आहे. शलाकाची नोकरी सुनावणीच्या संध्याकाळीच गेली होती. खटल्याची नोटीस नंतर आली. जुबेदाभाभींचा फोन आला, तो असा: "पाहनीला मानूस येऊन गेला. चांगला होता. तुला सांगायचं म्हनून सांगितलं." आणि फोन बंद.

दत्ताराम मात्र बोलला नाही. महिनाभर वहिनीच फोन उचलायची. फेब्रुवारीत एका सकाळी त्याचा स्वतःचा निरोप आला. पनवेलच्या स्टँडवर दहा वाजता ये.

तो एसटीतून उतरला. महिनाभरात म्हातारा झाल्यासारखा वाटत होता. रिक्षात बसल्यावर, समोर बघत, त्यानं सांगितलं. गोपाळ पाथरे त्याचा जोडीदार. बावीस वर्षं दोघांनी मिळून भिंती घातल्या, दत्तारामनं चिरा लावायचा आणि गोपाळनं सांधे भरायचे. कंपनीचे निरोप आले, तेव्हा दत्तारामनं एकेक भिंत आठवून बघितली. चिऱ्यात खोट नव्हती. मग उरले सांधे.

"भर चौकात त्याला विचारलं मी, चुन्यात राख मिसळलीस काय रे? चार मानसांसमोर." तो थांबला. "दुसऱ्या दिवशी गाव सोडलं त्यानं. झालं काय ते तू सांग त्याला. तुझ्या तोंडानं."

गोपाळ एका उंच इमारतीच्या कामावर होता, अठराव्या मजल्यावर फरश्या बसवायच्या कामाला. राहायला खालच्या पत्र्याच्या खोल्यांपैकी एक. दुपारची सुट्टी होती. दारात दत्तारामला बघून तो उठला नाही आणि बसाही म्हणाला नाही.

शलाका बोलली. आता तिला हे सांगायची सवय झाली होती, आणि त्या सवयीचीच तिला लाज वाटली. गोपाळनं सगळं ऐकलं. हाताला लागलेलं सिमेंट तो अंगठ्यानं सोलून काढत होता. तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"यंत्र चुकलं," तो शेवटी म्हणाला. "ही पोर चुकली. चुकतात मानसं. पन दत्ता, तू बावीस वरसं माझ्याबरोबर चुना कालवलास. माझा हात तुला ठाऊक होता. तू कसं मानलंस रे?"

दत्ताराम त्याच्यासमोर खाली बसला.

"गोपाळदादा, ते माझ्यामुळे झालं," शलाका घाईनं म्हणाली. "मणी माझे म्हणून त्यानं—"

"तू थांब, शलू." सुनावणीनंतर पहिल्यांदाच दत्तारामनं तिला नावानं हाक मारली होती. "तुझं तू सांगितलंस. हे माझं हाय."

ती दाराबाहेर येऊन उभी राहिली. समोर खडीचा ढीग, पलीकडे मिक्सर घरघरत होता. मग भावाचा आवाज आला, पडलेला, तुटक. शब्द कळत नव्हते. तिनं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. आणि मग गोपाळचा आवाज.

"जेवलायस का?"

दत्ताराम काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, पातेल्यावरचं झाकण निघालं, फरशीवर ताटं मांडली गेली. दोन. शलाका तिथंच उन्हात उभी राहिली. भाऊ जेवून बाहेर येईपर्यंत तिला थांबायचं होतं.